माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा चालू करताना

माळ्यावरून उतरवलेल्या टीव्ही गेमला लगेच अडॅप्टर लावू नये. पंधरा-वीस वर्षं पत्र्याखालच्या उन्हात भाजलेला डबा थेट प्लगात घातला, की त्यात जो जीव शिल्लक असतो तोही जायची भीती असते. मराठवाड्यात दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हे डबे खाली उतरतात. लेकरांना मारिओ दाखवायची हौस येते, आणि मग ‘मागच्या वेळी तर चालत होता’ हे ठरलेलं वाक्य कानी पडतं. असे डबे उघडून उघडून माझं एक मत पक्कं झालं आहे: गेमची मुख्य चिप सहसा मरत नाही. बिघाड असतो तो विजेच्या वाटेवर, कॅसेटच्या दातांवर, नाहीतर रिमोटच्या वायरीत. तपासणीही त्याच क्रमानं केली की वेळ आणि डबा दोन्ही वाचतात.

आमच्याकडं घरोघरी जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आला. त्याच्या कॅसेटला ६० दात, तर अमेरिकेत आणि युरोपात गेलेल्या एनईएसच्या, म्हणजे त्याच फॅमिकॉमच्या परदेशी रूपाच्या, कॅसेटला ७२. आपल्या बाजारातल्या कॅसेटी ६० दातांच्या, एका बाजूला ३०. म्हणून परदेशातून कुणी हौसेनं आणलेली करडी कॅसेट आपल्या डब्यात बसत नाही. डब्याचा बाहेरचा साचा प्लेस्टेशनसारखा असो की सेगासारखा, आत दोनच प्रकार निघतात. जुन्या डब्यात ४० पायांच्या दोन लांबट आयसी असतात, एक हिशेब करणारी आणि दुसरी चित्र काढणारी. नंतरच्या स्वस्त डब्यांत हे सगळं एका काळ्या, डांबराच्या ठिपक्यासारख्या गोळ्याखाली कोंबलेलं असतं. गोळ्याचा डबा कमी वीज खातो, साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर. दोन आयसींचा डबा ३०० च्या पुढं जातो. हा फरक पुढं कामाला येतो.

तर आधी अडॅप्टर. मूळचा अडॅप्टर बहुधा हरवलेलाच असतो, आणि घरात सापडेल तो खुपसला जातो. इथंच निम्मे डबे जातात. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नसतं. फॅमिकॉमच्या पिनेत आतलं टोक मायनस आणि बाहेरचं कडं प्लस असतं, आजच्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये नेमकं उलटं. नकला करणाऱ्यांनी काहींत हे ठेवलं, काहींत ते. डब्यावर छापलेल्या चित्रावर विसंबू नये. चार-सहा स्क्रू काढावेत, आत तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर (येणारं व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) शोधावा, मल्टिमीटर बीपवर (वाट जुळली की वाजतो तो खटका) ठेवून एक काडी त्याच्या मधल्या पायाला आणि दुसरी पिनेच्या सॉकेटमधल्या धातूच्या पत्त्यांना लावावी. जो पत्ता बीप देतो तो मायनस. एकही पत्ता बीप देत नसेल आणि जवळच चार डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) दिसत असतील, तर डबा दोन्ही बाजूंनी चालतो, चिंता मिटली. एकच डायोड सॉकेटजवळ असेल तर उलट्या पिनेनं नुकसान होत नाही, नुसता डबा चालू होत नाही. एकही डायोड नसेल तर मात्र उलटी पिन लागली की कंडेन्सर फुगतो आणि रेग्युलेटर जातो. अशा बोर्डावर मी एक १एन४००७ डायोड प्लसच्या वाटेत घालून टाकतो. त्यात पाऊण-एक व्होल्ट जातो, पण पुढची कटकट टळते.

जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर नुसता मीटरला लावला की १२-१३ व्होल्ट दाखवतो. त्यात बिघाड काही नाही, ओझं पडल्यावर तो खाली येतो. पण रात्री उशिरा, सगळ्या मोटारी बंद झाल्यावर घरात २६० व्होल्ट येत असतील, तर हेच १३ पावणेपंधरापर्यंत चढतात, आणि डब्यातला पहिला कंडेन्सर असतो १६ व्होल्टचा. तो बदलायचाच असेल तर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा टाकावा. किमतीत फरक नगण्य.

उलट बाजूचा त्रास संध्याकाळचा. डीपीवर शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज १७० वर येतं, आणि ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर त्याच हिशेबानं साडेसहाच्या आसपास देतो. ७८०५ ला ५ व्होल्ट बाहेर काढायला आत किमान ७ लागतात. त्याखाली गेलं की चित्र थरथरतं, गेम अचानक पहिल्या पानावर येतो, नाहीतर मारिओ हवेत गोठतो. लोक कॅसेटला दोष देतात, ती काढून घालतात, फुंकतात. खरं तर त्या वेळी कॅसेटीला हात लावायची गरजच नसते. याला सरळ उपाय म्हणजे आजकालचा हलका, स्विचिंगचा ९ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळं डीपीवर मोटारी सुरू झाल्या तरी बाहेर ९ च देतो. १२ व्होल्टचा लावू नये.

का लावू नये, तर उष्णतेमुळं. ७८०५ जादा व्होल्ट उष्णतेत घालवतो. दोन आयसींचा डबा ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर ९ व्होल्टवर चार व्होल्टचा फरक, म्हणजे १.२ वॉट. १२ वर तेच २.१ वॉट. पत्रा न लावलेला ७८०५ दर वॉटला सुमारे ६५ अंशांनी तापतो. परभणीत-नांदेडात मे महिन्यात खोलीतच ४३ अंश असतात, त्यात बंद प्लास्टिकचा डबा. ९ वरच तो १२० च्या पुढं जातो. १२ वर तो स्वतःला वाचवायला बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालू. अर्ध्या तासानं गेम जातो आणि पंख्याखाली ठेवला की येतो, हे लक्षण दिसलं तर दुसरं काही शोधू नये. दीड मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचा दोन इंची तुकडा, थोडी हीट पेस्ट, तीन मिलिमीटरचा स्क्रू, एवढ्यात काम होतं. रेग्युलेटरची पाठ मायनसलाच जोडलेली असते, म्हणून मध्ये अभ्रकाचा तुकडा लागत नाही. पत्रा दुसऱ्या कशाला टेकत नाही एवढं पाहावं.

रेग्युलेटर तपासताना लिहिलेली बाजू आपल्याकडं धरावी: डावा पाय आत येणारा, मधला मायनस, उजवा ५ व्होल्टचा. ४.८ ते ५.२ मध्ये काहीही चालतं. पडद्यावर आडवे काळपट पट्टे सावकाश वर-खाली सरकत असतील तर तो मोठा कंडेन्सर वाळला आहे. दोन पट्टे असतील तर डायोड ठीक आणि कंडेन्सर कमजोर, एकच रुंद पट्टा असेल तर अडॅप्टरमधला एखादा डायोडही गेलेला असू शकतो.

लोडशेडिंगवर बरेच जण पॉवर बँकेचा मार्ग काढतात. ५ व्होल्ट थेट द्यायचे असतील तर ते ७८०५ च्या उजव्या पायावर द्यावे लागतात आणि रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. डाव्या पायावर दिले तर बाहेर साडेतीनच निघतात, डबा हलत नाही. दुसरी अडचण अशी की गोळ्याचा डबा इतकी कमी वीज घेतो, की काही पॉवर बँका ‘काही लावलेलंच नाही’ असं समजून थोड्या वेळानं बंद होतात. त्यासाठी ५ व्होल्टच्या लाइनवर ४७ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर आडवा टाकतात. शंभरेक मिलिअँपिअर फुकट जातात, पण बँक जागी राहते. हा रेझिस्टर तापतो, त्यामुळं प्लास्टिकला टेकवू नये.

वीज नीट झाली की टीव्ही. जुन्या डब्यांत फक्त एँटेनाची वायर असायची. छतावरच्या, छत्रपती संभाजीनगरकडं म्हैसमाळच्या मनोऱ्याकडं तोंड केलेल्या एँटेनाची चपटी वायर आणि गेमची गोल वायर यांच्यासाठी एक छोटी डबी मिळायची, तिच्यावर टीव्ही-गेम असा सरकता खटका. ही डबी नसेल तर गेमची वायर एकटीच लावावी, दोन्ही एकत्र पिळून लावल्या की चित्रात मुंग्या येतात. चॅनल शोधायचं ते व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात, २ ते ४ क्रमांकांच्या दरम्यान, हातानं. आपोआप शोधणारा टीव्ही हे कमजोर चॅनल बऱ्याचदा ओलांडून जातो. चित्र सुंदर आणि आवाजाच्या जागी नुसती सरसर, असं झालं तर टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टिम बी-जी वरून डी-के किंवा आय करून पाहावी. आपल्या एँटेनाच्या प्रक्षेपणात आवाज चित्राच्या साडेपाच मेगाहर्ट्झ पुढं असायचा, चीनसाठी बनवलेल्या डब्यात साडेसहा.

पिवळी-पांढरी पिन असेल तर एँटेनाच्या भानगडीत पडूच नये. नव्या एलईडी टीव्हीला गोल एव्ही पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्यासाठी तीन फाट्यांची वायर लागते. या वायरींत सगळ्यांचा क्रम सारखा नसतो. पिवळ्यात लावून चित्र आलं नाही तर लाल फाट्यात लावून पाहावं, अनेकदा तिथंच निघतं.

चित्र आलं पण काळंपांढरं, ही तक्रार फार जुनी आहे. आपले टीव्ही पाल पद्धतीचे. पालच्या डब्यात २६.६०१७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, रंगाच्या ४.४३ मेगाहर्ट्झच्या बरोबर सहापट. अमेरिका-जपानच्या डब्यात २१.४७७ चा. क्रिस्टलच्या चांदीच्या टोपीवरचा आकडा वाचला की डबा कुठला ते कळतं. आकडा बरोबर आणि तरी रंग नाही, किंवा गरम झाल्यावर रंग जातो, तर क्रिस्टलशेजारी स्क्रूसारखी खाच असलेला छोटा ट्रिमर शोधावा आणि प्लास्टिकच्या काडीनं केसभर फिरवावा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर टेकवला की रंग येतो, उचलला की जातो, म्हणून प्लास्टिक.

पालचा डबा सेकंदाला ५० चित्रं काढतो, मूळ गेम ६० साठी लिहिलेले. म्हणजे आपल्याकडचा मारिओ सहाव्या हिश्शानं संथ चालत होता आणि गाणंही तेवढंच संथ. सूर मात्र जवळपास तोच राहतो, कारण नकलेतल्या चिपेचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ आहे आणि मूळ चिपेचा १.७९. आज संगणकावर तोच गेम लावला की तो पळतोय असं वाटतं, आणि टँक खेळणाऱ्या जुन्या हाताची गणितं चुकतात. ज्यांना जुनी लय हवी त्यांनी एम्युलेटरच्या (संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘डेंडी’, म्हणजे रशियात विकली गेलेली अशीच नक्कल, निवडावं, नुसतं पाल निवडलं तर आवाजाचा सूर खाली जातो.

आता कॅसेट. फुंकर मारल्यानं कॅसेट चालते हा समज काही केल्या जात नाही. चालते ती काढून पुन्हा घातल्यामुळं, दात पत्त्यांवर नव्या जागी घासतात म्हणून. फुंकरीबरोबर गेलेली ओल तांब्यावर राहते आणि सहा महिन्यांनी हिरवट डाग धरते. आमच्याकडं तर वर काळ्या मातीची बारीक धूळ असते, ओल मिळाली की तिचा लेपच होतो. दात साफ करायला मऊ पांढरं खोडरबर, कडक दोनरंगी रबराची शाईची बाजू नको. एका दिशेनं आठ-दहा वेळा घासावं, चुरा ब्रशनं झाडावा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानातला कापूस दोन्ही बाजूंनी फिरवावा. कापूस पांढरा निघेपर्यंत. मेडिकलमधलं स्पिरिट वापरलं तर त्यात पाणी असतं, अर्धा तास वाळू द्यावं. पॉलिश पेपर मारू नये, दातांवरचा पातळ मुलामा निघाला की ती कॅसेट कायमची रुसते. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक विरघळवतात.

लक्षणांवरून दोष कुठल्या दातांचा तेही ओळखता येतं. पडदा एकाच रंगाचा सपाट, आवाज नाही, तर हिशेबाच्या बाजूचे दात लागत नाहीत. गाणं वाजतंय, बटणं दाबली की आवाज येतात, पण चित्राच्या जागी आकडे आणि ठोकळ्यांचा खच, तर चित्राच्या बाजूचे. साफ करूनही दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेटी तसंच करत असतील तर दोष डब्यातल्या सॉकेटचा. त्याचे ६० पत्ते दाबून दाबून आत बसतात. शिवणाच्या बारीक सुईनं एकेक पत्ता अगदी अर्धा मिलिमीटर पुढं ओढावा. घाई केली की पत्ता मोडतो, आणि मोडलेल्या पत्त्याला इलाज म्हणजे पूर्ण सॉकेट बदलणं, ६० टाके काढून ६० घालणं. सॉकेटमध्ये झुरळांची घाण असेल तर आधी तीच धुवावी, ती वीज वाहून नेते आणि पत्ते खाते.

‘९९९९ इन १’ च्या कॅसेटबद्दल आता कुणाला भ्रम नसावा. आत काही डझनच गेम असतात, यादी फिरून फिरून तीच. नाव बदललेला मारिओ म्हणजे तोच मारिओ, फक्त सुरुवातीला मेमरीत वेगळा आकडा लिहून तिसऱ्या नाहीतर पाचव्या जगात सोडलेला. टँक, म्हणजे नॅमकोचा १९८५ चा बॅटल सिटी, जेमतेम २४ किलोबाइटचा. सुपर मारिओ ब्रदर्स ४० चा. कॉन्ट्रा एकटा १२८ चा, शिवाय त्याला कॅसेटीतच चित्रांसाठी वेगळी ८ किलोबाइटची रॅम लागते. स्वस्त कॅसेटीत टँक, मारिओ, सर्कस भरपूर आणि कॉन्ट्रा बहुधा नाही, याचं कारण हे. कॉन्ट्राची कॅसेट वेगळी घ्यावी लागायची आणि तिचा भावही तसाच असायचा.

रिमोटच्या तक्रारी दोनच. एक, बटण जोर लावल्याशिवाय लागत नाही. आत काळ्या रबराच्या टिकल्या असतात, त्या बोर्डावरच्या दोन रेघा जोडतात. टिकलीवर मीटरच्या दोन काड्या जवळजवळ टेकवाव्यात. काही शे ओहम आले तर ठीक, दहा हजारांच्या पुढं गेलं तर टिकली गेली. आधी कोरड्या कापडानं पुसावी, अल्कोहोल हलक्या हातानं, कारण वरचा कार्बन निघून येतो. गेलेल्या टिकलीवर जुन्या टीव्हीच्या रिमोटमधली टिकली कापून चिकटवता येते. पेन्सिलची शिसं घासतात काही जण, आठवडाभर चालतं. दुसरी तक्रार, रिमोट हलवला की मारिओ थांबतो. वायर रिमोटच्या तोंडाशी आतून तुटलेली असते. तिथून दोन इंच कापून टाकावी आणि नव्यानं सोल्डर मारावं. आत पाचच तारा: ५ व्होल्ट, मायनस, आणि लॅच, क्लॉक, डेटा. आठ बटणांची खबर एकाच तारेवरून एकामागून एक जाते म्हणून पाचांत भागतं. तारांच्या रंगांवर जाऊ नये, दोन सारख्या दिसणाऱ्या रिमोटांतही रंग वेगळे निघतात. कापण्याआधी फोटो काढावा आणि बीपवर ९ भोकांच्या पिनेपर्यंत एकेक तार मोजून कागदावर लिहावी. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नसणं हा बिघाड नाही, मूळ फॅमिकॉमचंच तसं होतं.

डबा परत ठेवताना रिमोटची वायर त्याच्यावर गुंडाळू नये. उन्हाळ्यात वायरीतलं तेलकट द्रव्य सुटतं आणि डब्याच्या प्लास्टिकमध्ये कायमच्या चऱ्या पडतात. वायर वर्तमानपत्रात, डबा वेगळ्या पिशवीत. डांबरगोळ्या प्लास्टिकला टेकू देऊ नयेत.

सीडीवाल्या डब्यांचं थोडक्यात. पहिल्या प्लेस्टेशनचे सुरुवातीचे नग उलटे ठेवले की चालतात, याला कारण आहे: लेन्सची गाडी प्लास्टिकच्या रुळावर सरकते, शेजारच्या पॉवर सप्लायच्या उष्णतेनं रूळ झिजून गाडी तिरकी होते. प्लेस्टेशन २ डिस्क वाचत नसेल तर आधी कोणत्या डिस्का वाचत नाही ते पाहावं. निळ्या पाठीच्या डिस्का सीडी, चंदेरी पाठीच्या डीव्हीडी. एकच प्रकार चालत असेल तर लेन्स थकली आहे, पुसून फार फरक पडणार नाही. दोन्ही अडखळत असतील तर अल्कोहोल लावलेला कापूस लेन्सवर न दाबता गोल फिरवावा, आणि रुळावरचं जुनं वाळलेलं ग्रीस काढून पांढरं लावावं. चपट्या प्लेस्टेशन २ च्या बहुतेक नगांना बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पाच अँपिअरच्या वर. ९ व्होल्टचा राउटरचा लावून भागत नाही, एवढा करंट तो देऊच शकत नाही.

राहिली पडद्यावरची बदकं टिपायची गन. ट्रिगर ओढला की गेम एका क्षणासाठी सगळा पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि गनेतली डोळ्यासारखी डायोड काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं का ते पाहते. मूळ गन तर पिक्चर ट्यूबच्या सेकंदाला पंधरा हजारांवर ओळींच्या लुकलुकीशिवाय दुसरा उजेड मानतच नाही. एलईडी टीव्ही ओळीओळीनं लुकलुकत नाही आणि चित्रही उशिरा दाखवतो, म्हणून तिथं कितीही नेम धरला तरी बदक पडत नाही. त्याच उशिरामुळं कॉन्ट्रातल्या उड्याही हुकतात, टीव्हीचा गेम मोड चालू केला तर थोडं सुधारतं. गन खेळायची असेल तर २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही लागतो. त्याचं मागचं झाकण उघडू नये, ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढवावेत, पडद्यावरची धूळ पुसावी, सहा ते आठ फुटांवर बसावं. तरीही सगळे नेम चुकत असतील तर गनेच्या नळीत पाहावं, पुढची भिंगाची काच धुळीनं आंधळी झालेली असते किंवा आत कोळ्याचं घर असतं.